मी तोल मोजते, मन राखत नाही

मी जमिनीवरची काळी पाटी बोलतेय. हो, जिच्यावर लोक पायांचा घाम पुसून जातात तीच! माझ्यावर उभं राहिलं की तुमचा तोल किती ढळतो त्याची रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. स्थिर माणसाची रेघ इवलीशी, डुलणाऱ्याची नुसती गुंतवळ.

कारखान्यात माझ्यावर लोखंडी वजनं ठेवून मला खरं बोलायला शिकवलं. मग मणके दाबून, पिळून 'कडाड्' वाजवणाऱ्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतलं, आणि त्या शिक्षणाची माती झाली.

माणूस आधी येतो तो पोक काढून, एका पायावर भार टाकून. मणके वाजले की डॉक्टर ओरडतात, "आता ताठ!" मग छाती पुढे, हनुवटी वर, फोटो! रस्त्यावर पोचेपर्यंत पोक परत. पाठ मोकळी होते, दुखणं हलकं होतं, ते मी नाकारत नाही. पण तोल सुधारला का, ते मला विचारा ना!

परवा एक रंगारी बायकोला घेऊन आला. शिडीवर त्याला गरगरायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्याची बाहेरची भिंत रंगवायची होती. आधी माझ्यावर उभा केला, तर रेघेची गुंतवळ. मग मान वाजली, पाठ वाजली.

"एकदम हलकं वाटतंय," तो हसला. "चढू ना उद्या?"

डोळे मिटून तो माझ्यावर उभा राहिला. रेघेची पहिल्यासारखीच गुंतवळ.

"पाटी बिघडली वाटतं," डॉक्टर म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! "डोळे उघडा. जरा श्वास रोखून धरा."

रेघ आवळली.

"बघा! चढा बिनधास्त."

माझा नुसता संताप झाला. माझ्याच तोंडून खोटं वदवलं की हो!

बायको पडद्याकडे बघत होती. "डॉक्टर, हे शिडीवर दिवसभर श्वास रोखून रंग लावणार का?"

डॉक्टरांनी पडदा बंद केला. रंगारी मात्र भडकला. "तुला काय कळतं यातलं? काम सोडलं तर खायचं काय?"

आणि तो तरातरा उतरायला गेला. माझी उंची ती केवढी, दोन बोटं! तेवढं उतरायला त्याचा हात बायकोच्या खांद्याकडे गेला.

ते त्याच्याही लक्षात आलं. हात तसाच ठेवून तो म्हणाला, "नाही चढत."

आता डॉक्टरांनी मला काढून ठेवलंय; दाराआड भिंतीला टेकून उभी आहे. मला खुशाल बिघडलेली म्हणा. पण जो उद्या शिडीवर चढणार आहे, त्याला निदान आज तरी मला खरं सांगू द्या.