पुरवठ्यात खंड पडला नाही

युद्धाच्या खेळांसाठी सिनॅरिओ रचणं हे ताईचं काम. जुनी एखादी लढाई घ्यायची, तिचा नकाशा कॉम्प्युटरवर षटकोनी घरांत बसवायचा, दोन्ही बाजूंना त्यांच्या तुकड्या द्यायच्या आणि खेळणाऱ्याला आळीपाळीने चाली करत ती पुन्हा लढू द्यायची. अठरा वर्षं ती हेच करत होती. लढाया सहसा तिचं ऐकायच्या. ही मात्र ऐकेना.

लढाई तशी लहानच. पंचाहत्तर वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका खिंडीत तीनशे सैनिकांनी शत्रूला नऊ दिवस अडवून धरलं होतं. खालच्या गावातून वर जाणाऱ्या रस्त्यावरचा पूल पहिल्याच दिवशी शत्रूने तोफांनी उडवला. खेळाचा नियम साधा होता: रस्ता तुटला की रसद तुटते आणि रसद तुटली की तुकडी फेरीगणिक खंगत जाते. एक फेरी म्हणजे एक दिवस. ताईचे तीनशे जण पाचव्या फेरीतच संपायचे. एक्केचाळीस वेळा खेळून पाहिलं, पण सहावी फेरी काही उजाडली नाही.

शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर म्हणाला, ''ताई, शौर्याचे गुण दोनाने वाढवू या. कोण बघायला येतंय?'' तो अखंड बोलायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला रेडिओ म्हणत.

''शौर्याने तहान भागते का रे?'' ताई म्हणाली. ''वर विहीर नाही, झरा नाही. नऊ दिवस ते प्याले काय?''

सैन्याच्या अधिकृत इतिहासात त्याबद्दल एकच ओळ होती: 'पुरवठ्यात खंड पडला नाही.' ताईने ती इतक्यांदा वाचली की शेवटी तिला त्या ओळीचा रागच यायला लागला.

मग सुट्टी टाकून ती त्या गावी गेली. रेडिओही मागे लागून आला. गावच्या ग्रंथपालाने कपाटं धुंडाळली, पण हाती काही लागलं नाही. शेवटी चष्मा पुसत तो म्हणाला, ''माझ्या आत्याला विचारून बघा. अकरा वर्षांची होती तेव्हा. फार बोलत नाही, पण शिवण मोडणार नसेल तर बसू देते.''

आत्या शहाऐंशीची. खिडकीपाशी मशीनवर पडद्याला पट्टी घालत होती. ताईने विचारलं, ''आत्या, पूल पडल्यावर वरती सामान कोण न्यायचं?''

''कोणी नाही.''

''मग पोचायचं कसं?''

''न्यायचं म्हणजे चालायला हवं. घळीतली वाट एवढीशी, त्यात निसरडी. ओझं घेऊन चढणारा एक घसरला की मागचे दहा जायचे. म्हणून चालायचंच नाही असं ठरलं.'' तिने दोरा दाताने तोडला. ''आम्ही उभे राहिलो.''

ताईला क्षणभर कळेना. आत्याने मशीनवरचे हात काढले आणि डावीकडून काहीतरी घेऊन उजवीकडे दिल्यासारखे केले. पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं.

''माझ्या डावीकडे घड्याळजी, उजवीकडे पोस्टमास्तरची बायको. पाण्याचे डबे, सुकं खाणं, तोफगोळे वर जायचे, रिकामे डबे खाली. नऊ दिवस त्या दोघांपलीकडे मी माणूस पाहिलं नाही.''

''आणि झोप?''

''तिथेच, बसल्या बसल्या. डबा आला की घड्याळजी कोपराने ढोसायचा. जखमीसुद्धा हातावरूनच खाली आले. एक जण माझ्या हातांवर होता तेव्हा म्हणाला, सावकाश गं पोरी. माझे हात कापत होते ना, त्याला वाटलं मी भ्याले. दमले होते मी.''

''हे कुणाला सांगितलं नाहीत?''

''कुणाला सांगायचं? गावात ज्याला त्याला ठाऊकच होतं.''

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि रेडिओ मोजायचं चाक घेऊन घळीत चढले. गावाच्या शेवटच्या घरापासून खिंडीच्या खडकापर्यंत. वाट खरंच एवढीशी होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशी. वर पोचल्यावर ताईने आकडा वाचला: दोन हजार आठशे ऐंशी मीटर.

रेडिओने हात पसरून पाहिले. ''डबा द्यायचा तर दोन माणसांत सव्वा मीटरहून जास्त अंतर चालणार नाही. चढावर थोडं कमीच. एक पूर्णांक दोन धरू.'' त्याने मोबाइलवर भागाकार केला. ''दोन हजार चारशे माणसं.''

ताईने वहीतून ग्रंथपालाने दिलेला कागद काढला. लढाईच्या आदल्या वर्षीची जनगणना. गावची लोकसंख्या दोन हजार सहाशे बारा, तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले धरून.

रेडिओने तो आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. दोघं तिथेच दगडावर टेकले. खाली गावाची छपरं दिसत होती, आणि छपरांपासून त्यांच्या पायांपर्यंत ती रिकामी वाट. बेकरीवाला, शाळेतली मुलं, डॉक्टर, भांडणं झालेले सख्खे भाऊ, सगळे तिथे उभे होते. खाली घरात उभं राहू शकेल असं कोणीच उरलं नव्हतं. ताईने आजवर नकाशांवर हजारो सैनिक हलवले होते; न हलता उभं राहिलेलं गाव तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

परत आल्यावर तिने शौर्याला हात लावला नाही. नवा नियम घातला: खेळणाऱ्याला हवं तर गावातली माणसं नकाशावरच्या एकेका षटकोनी घरात उभी करून खिंडीपर्यंत साखळी नेता येईल. पण साखळी पुरी करायची तर गाव रिकामं होईल, बेकरी थांबेल, दवाखाना बंद पडेल. आणि एक जरी घर मोकळं राहिलं तरी वर काहीच पोचणार नाही.

चाचणीला ऑफिसातली हिशेबनीस बाई बसली. युद्धातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच ताईने तिला बसवलं होतं. तिने तिसऱ्या फेरीत बेकरी थांबवली. पाचव्या फेरीत साखळीत एकच घर मोकळं उरलं, आणि गावात फक्त शाळा. तिने माउसवरचा हात उचलला.

''मुलांना पाठवायचं?'' तिने विचारलं.

''तुम्ही ठरवा,'' ताई म्हणाली.

बाईने शाळा उचलली आणि अगदी हळू, जणू काही सांडेल, त्या घरात नेऊन ठेवली. सहावी फेरी आली. तीनशे जण उभे होते. सातवी आली, आठवी आली.

नववी संपली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईने खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, ''एवढ्या माणसांना उभं राहायला सांगितलं तरी कोणी?''

''ते मी आत्यांना विचारलं होतं,'' ताई म्हणाली. ''त्यांना आठवत नाही. म्हणाल्या, मी बाहेर आले तेव्हा रांग लागलेलीच होती.''