साठेबाजाचा आवाज

दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "हे बरं दिसतं, की हे?" असं विचारणाऱ्या माणसाला संध्याकाळी तरी या प्रश्नातून सुटका हवी की नको? पण आमच्या चष्मेवाल्याची हौस दांडगी. दुकान बंद केलं की स्वारी गळ्यात गिटार अडकवून लॅपटॉपसमोर बसायची आणि कॅप्चर चाळायला लागायची. कॅप्चर म्हणजे कुणीतरी आपल्या खऱ्याखुऱ्या गिटारच्या अँप्लिफायरचा आवाज टिपून कॉम्प्युटरसाठी केलेली हुबेहूब नक्कल. फुकट मिळते, जागा अडवत नाही आणि बायकोला दिसत नाही. मग काय, याने हजारो जमवली. बँडमध्ये त्याला साठेबाज म्हणायचे ते उगीच नाही.

बरं, नुसतं जमवून भागेना. त्यांचे फोल्डर केले. 'गोड', 'जरा जास्त गोड', 'गोड पण अंगावर येणारा', 'फायनल', 'आता खरंच फायनल'. वर्षभरात एक गाणं धड सबंध वाजवलं नव्हतं, पण मांडणी अशी की बघत राहावं.

सराव व्हायचा प्लंबरच्या गोदामात, पाइपांच्या गराड्यात. ड्रमवर प्लंबर, कीबोर्ड वाजवत गायची ती साठेबाजाची थोरली बहीण. गाणं निम्म्यावर आलं की हा हात वर करून दुसरा आवाज लावून बघतो म्हणायचा, की सगळं ठप्प. शेवटी प्लंबरने वैतागून नियमच केला: चाळायचं असेल तर स्पीकर म्यूट करायचा, हेडफोन लावायचे आणि आमच्या डोक्याला ताप द्यायचा नाही. ताईने तर निर्वाणीचं सांगितलं. कार्यक्रम तोंडावर आलाय. या रविवारी गाणं एकदा जरी अडलं तरी दुसरा गिटारवाला बघणार. सख्खी बहीण असं बोलली हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. कॉलेजात असताना दोघांनीच हा बँड काढला होता. तो सुटला तर नशिबी नुसती भिंगंच उरणार होती.

रविवारी हा सगळ्यांच्या आधी हजर. नियमाप्रमाणे स्पीकर म्यूट केला, हेडफोन लावले आणि चाळत बसला. ताई गायला तोंड उघडणार, तेवढ्यात हवा तो आवाज सापडला की हो! 'जुने, नंतर बघू' या फोल्डरात तळाशी पडलेला. अंगावर काटाच आला त्याच्या. डोळे मिटून असा काही वाजवला की विचारू नका. गाणं पहिल्यांदाच न अडखळता शेवटपर्यंत गेलं.

"बसलं एकदाचं," प्लंबर म्हणाला. चांगलं म्हणायला त्याच्या जिवावर यायचं, तो हे म्हणाला.

ताईचे डोळे भरून आले होते. "आज कुठे तू गाण्यात आलास. हाच आवाज ठेव बाबा. आता बदललास तर बघ."

साठेबाजाला रडूच फुटायचं बाकी होतं. लॅपटॉप बंद करायला वाकला, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात म्यूटचं बटण लालबुंद. अख्खं गाणं त्याने एकट्याच्या कानात वाजवलं होतं.

सांगावं म्हणून त्याने मान वर केली. ताई वायर गुंडाळता गुंडाळता तेच गाणं गुणगुणत होती. इतकी खूश तिला त्याने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"हाच ठेवतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने नवा फोल्डर केला. 'ताईला आवडलेला' असं नाव दिलं, आणि त्यात काहीच ठेवलं नाही.