कोणी न वाचलेली वरची ओळ

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. हसून घ्या, मित्रांनो. माझा पडदा काडेपेटीएवढा आहे, पाचाचे बटण दाबून दाबून गुळगुळीत झाले आहे आणि मला फोटो काढता येत नाहीत. मला दोनच गोष्टी येतात. आलेला निरोप दाखवणे आणि तो जपून ठेवणे. पण ज्या मोठ्या माणसांत माझे आयुष्य गेले, त्यांतल्या बऱ्याच जणांना याही दोन गोष्टी येत नव्हत्या. म्हणून ही हकीकत सांगतो. ती ऐकण्याजोगी आहे की नाही, हे मात्र मला अजून नक्की ठरवता आलेले नाही.

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे-मागे हुबेहूब माझ्यासारखे हजारो फोन होते. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात बॅटरी बसवली, पडदा उजळलेला पाहिला आणि ती पुढच्याकडे वळली. तिथून मी दुकानात गेलो आणि दुकानातून पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात.

बँकेने तेव्हा नवा नियम केला होता. कारखान्याचे पैसे कोणाला पाठवायचे, तर एकाने संगणकात रक्कम भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. मंजुरीच्या वेळी बँक सहा आकड्यांचा एक गुप्त क्रमांक मोबाईलवर पाठवी. त्याला सगळे ओटीपी म्हणतात. तो क्रमांक यावा, एवढ्यासाठी मला आणले होते. रक्कम भरण्याचे काम हिशेब विभागातल्या ताईंचे होते आणि मंजुरी वित्त व्यवस्थापकांची. कुलूप एक, किल्ल्या दोन, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे. साधी गोष्ट आहे. तुमच्या वयाच्या मुलालाही समजेल.

पहिले व्यवस्थापक, त्यांना आपण जुने साहेब म्हणू, मला सदऱ्याच्या खिशात ठेवत. बँकेच्या निरोपात दोन ओळी असत. वरच्या ओळीत पैसे कोणाला चालले आहेत त्याचे नाव आणि त्याच्या खात्याचे शेवटचे चार आकडे. खालच्या ओळीत गुप्त क्रमांक. जुने साहेब कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि आधी वरची ओळ मोठ्याने वाचत.

"गोंदवाले. दोन, नऊ, शून्य, आठ. बिलावर काय आहे?"

"दोन, नऊ, शून्य, आठ," ताई सांगत.

"नक्की?"

"साहेब, सहा वर्षं तेच आहे हो."

"आणि सातव्या वर्षी बदललं तर?"

सगळ्या विभागात खसखस पिकत असे. ताईही वहीआड तोंड लपवून हसत. पंचवीस बिले असली की अख्खी दुपार त्यातच सरायची. मलाही कंटाळा येई, हे कबूल करतो. निवृत्त होण्याच्या दिवशी त्यांनी मला रुमालाने पुसले आणि ताईंच्या हाती देत म्हटले, "नव्या साहेबांच्या खिशात द्या. टेबलावर नको." मला मिळालेला मान एवढाच.

मग नवे साहेब आले. त्यांचे घड्याळ त्यांच्या फोनशी बोले, फोन गाडीशी बोले. साहेब मात्र कोणाशी धड बोलत नसत. त्यांनी मला मेलेल्या उंदरासारखे दोन बोटांत उचलले.

"हे काय? संग्रहालयातून आणलंय का?"

"बँकेचा फोन आहे, साहेब. तो तुमच्या खिशात ठेवायचा," ताई म्हणाल्या.

"माझ्या? ताई, या खिशाची शिलाई याच्यापेक्षा महाग आहे. टाका तुमच्या ड्रॉवरमध्ये."

"पण मंजुरी तुम्ही द्यायची ना?"

"पासवर्ड लिहून देतो. तुम्हीच भरा, तुम्हीच मंजूर करा. माणसांवर विश्वास टाकायला शिकलं पाहिजे."

तो विश्वास नव्हता, मित्रांनो. तो आळस होता. आळसाला इस्त्रीचे कपडे घातले की तो विश्वासासारखा दिसतो, एवढेच.

पासवर्डाची पिवळी चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवण्यात आली. म्हणजे आता दोन्ही किल्ल्या एका ड्रॉवरमध्ये, एका मोडक्या पंचिंग मशीनच्या आणि अर्ध्या बिस्किटाच्या पुड्याच्या शेजारी. ताई संगणकासमोर असल्या आणि ड्रॉवरजवळ दुसरेच कोणी असले की हाक जाई, "कोड सांगा हो!" आणि हॉलच्या त्या टोकाहून या टोकापर्यंत आकडे ओरडले जात. गेटवरचे पहारेकरी काका एकदा ताईंना म्हणाले, "तुमचा तो गुप्त क्रमांक मला गेटवर ऐकू येतो. उद्यापासून लिहून ठेवू का?" सगळे हसले. कारखान्याच्या मालकीणबाई तेव्हा तिथूनच जात होत्या. त्याही हसल्या.

वरची ओळ? ती कोणी वाचेना. सगळ्यांना हवे असत ते खालचे सहा आकडे. मी प्रत्येक वेळी दोन्ही ओळी इमानाने दाखवत होतो. पण गाढवापुढे वाचली गीता, आणि मला तर वाचायलाही येत नव्हती, नुसती दाखवायला येत होती.

याच दिवसांत साहेब मोठे वक्ते झाले. दुसऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांसमोर 'मोबाईलवरचे व्यवहार आणि सुरक्षा' या विषयावर ते भाषणे देत. सराव केबिनमध्ये चाले आणि दार उघडे असे. "सुरक्षा म्हणजे यंत्र नव्हे! सुरक्षा म्हणजे वृत्ती!" असे म्हणून ते थांबत, टाळ्यांसाठी जागा ठेवून. त्यांना काचेचे एक स्मृतिचिन्ह मिळाले. ते त्यांनी बरोबर माझ्या ड्रॉवरच्या वरच्या फळीवर ठेवले. ड्रॉवर जोरात बंद केला की ते किणकिणे.

एके दिवशी गोंदवाल्यांच्या नावाने एक मेल आला. आमचे खाते बदलले आहे, तीन महिन्यांचे थकलेले पैसे या नव्या खात्यात पाठवा, नाहीतर उद्यापासून गोंद बंद. ताईंना ते खटकले. गोंदवाले असे तडकाफडकी लिहिणारे नव्हते. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब भाषणाच्या सभेत होते, त्यांनी तो कापला. मग ताईंनी मला ड्रॉवरमधून काढले. बँकेच्या फोनवरून निरोप गेला तर निदान बघतील, असे त्यांना वाटले असावे. एकेक बटण तीन-तीनदा दाबून त्यांनी निरोप लिहिला, "गोंदवाल्यांचं खातं बदललं असा मेल आलाय. फोन करून विचारू का?"

उत्तर माझ्यावरच आले. "विचारत बसू नका. माझ्या नावाने मंजूर करून टाका. पुन्हा त्रास देऊ नका."

मग ताईंनी रक्कम भरली. बँकेचा निरोप आला. वरच्या ओळीत मी स्वच्छ दाखवले: शून्य, शून्य, सहा, तीन. गोंदवाल्यांच्या एकाही बिलावर हे आकडे नव्हते. ताईंनी खालचे सहा आकडे टिपले आणि मला परत बिस्किटांशेजारी ठेवले.

आठ दिवसांनी खऱ्या गोंदवाल्यांचा फोन आला. "काय हो ताई, आमच्या पैशांचं काय झालं?"

तेव्हा सगळे उघडे पडले. तो मेल भामट्यांचा होता आणि पैसे कधीच पुढे पसार झाले होते. साहेबांनी त्या दिवशी किती चपळाई दाखवली म्हणून सांगू! एरवी एक सही करायला त्यांना चार दिवस लागत. दुपारपर्यंत नवा चकचकीत फोन आला, माझे सिम त्यात गेले, पाठीवरची पिवळी चिठ्ठी फाडली गेली, आणि मला जुन्या कीबोर्डांबरोबर भंगाराच्या खोक्यात टाकून गेटजवळ ठेवण्यात आले. गेटजवळच मालकीणबाईंच्या खोलीची खिडकी होती. संध्याकाळी त्यांनी दोघांना समोर बोलावले, तेव्हा आत काय झाले ते सगळे मला ऐकू आले.

"माझा पासवर्ड चोरून यांनी मंजुरी दिली," साहेब म्हणाले.

"चोरून?" ताईंचा आवाज चिरकला. "तुम्हीच लिहून दिलात! आणि विचारू का म्हणून मी बँकेच्या फोनवरून निरोप पाठवला होता."

"हा घ्या माझा फोन. आहे कुठे तसा निरोप? आणि हा बँकेचा नवा फोन, सिम तेच आहे. यात तरी आहे?"

कुठेच नव्हता. आपल्या फोनमधला त्यांनी पुसला होता. आणि सिम गेले म्हणजे निरोपही गेले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. निरोप सिममध्ये नाही, माझ्या पोटात राहतात, हे सुरक्षेच्या त्या महापंडिताला ठाऊक नव्हते. पोटात पुरावा घेऊन मी भंगारात पडलो होतो आणि त्यांनी माझ्यावर एक हातोडासुद्धा मारला नव्हता. लबाडीलाही थोडी मेहनत लागते, मित्रांनो. तीही त्यांना नको होती.

"शनिवारी दुपारपर्यंत मला काहीतरी दाखवा," मालकीणबाई ताईंना म्हणाल्या. "नाहीतर चोरीची तक्रार तुमच्या नावाने द्यावी लागेल."

शनिवार उजाडला. पडून पडून माझी बॅटरी फुगली होती. दुपारी भंगारवाला आला आणि त्याने आमचे खोके काट्याला लावले. तेवढ्यात ताई बाहेर आल्या आणि काकांच्या बाकावर मटकन बसल्या. हातात डबा आणि कपाटातल्या चार वस्तूंची पिशवी होती.

"निघालात?" काकांनी विचारले.

"सव्वीस वर्षं झाली, काका. पैसे कंपनीचे होते, कंपनी पुन्हा मिळवेल. माझं नाव गेलं ते मी कुठून आणू?"

"आणि तो निरोप?"

"सिमबरोबर गेला म्हणतात."

"कोण म्हणतं? ते भाषणवाले?" काकांनी खिशातून आपला फोन काढला. तो माझ्यासारखाच होता, त्याच पट्ट्यावरचा म्हणा ना. "माझं सिम गेल्या वर्षी बदललं. हा बघा बायकोचा निरोप. 'येताना मीठ आणा.' ती जाऊन चार वर्षं झाली, पुसवत नाही मला. सिम गेलं, मीठ आहे की इथंच!"

ताई उठल्याच. "अहो दादा, ते खोकं खाली ठेवा!"

"वजन झालंय, बाई," भंगारवाला म्हणाला.

"अर्धा पाव कमी धरा!" काका ओरडले आणि त्यांनी खोक्यात कोपरापर्यंत हात घातला.

मी मिळालो, पण उठेना. काकांनी आपल्या फोनचे झाकण उघडले, बॅटरी काढली आणि माझ्यात घातली. त्यांच्या बायकोचा निरोप काळोखात गेला आणि माझा पडदा उजळला. हे मी कधी विसरणार नाही.

मालकीणबाईंनी मला हातात धरून ताईंचा प्रश्न वाचला, साहेबांचे उत्तर वाचले, तारीख वाचली, वेळ वाचली. साहेबांनी पुढे होऊन माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच नीट पाहिले.

"त्याचा संदर्भ वेगळा होता," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी पुढचा निरोप उघडला, बँकेचा. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी वरची ओळ मोठ्याने वाचत होते. "शून्य, शून्य, सहा, तीन. ताई, ही ओळ वाचून बिलाशी ताडली होतीत?"

ताई सहज खोटे बोलू शकल्या असत्या. मला काही बोलता येत नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "नुसते खालचे आकडे घेतले. तेवढी चूक माझी."

"मीही रोज त्या ड्रॉवरवरून गेले आहे," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "बसा कामाला."

पैसे परत आले नाहीत. साहेब सोमवारी राजीनामा देऊन गेले. जाताना काचेचे स्मृतिचिन्ह तेवढे न विसरता नेले. हल्ली ते 'फसवणुकीने मला काय शिकवले' या विषयावर भाषणे देतात म्हणे, आणि टाळ्यांसाठी अजून जागा ठेवतात. अशा माणसांचे काय करावे हे मला कळत नाही. ती भंगारातही जात नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात फोन येतील, माझ्याहून कितीतरी हुशार. त्यांना पुसा, जपा, पण मुख्य म्हणजे ते काय सांगतात ते पूर्ण वाचा. आपली किल्ली दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये टाकू नका. आणि कोणी घाई करू लागले तर आधी विचारा. विचारायला दोन मिनिटे लागतात. न विचारण्याची किंमत मी पाहिली आहे.

माझे सिम आता परत माझ्या पोटात आहे. गेल्या आठवड्यात तिसरे व्यवस्थापक आले. ताईंनी मला नव्या बॅटरीसकट त्यांच्यासमोर ठेवले.

"हा तुमच्या खिशात ठेवायचा, साहेब."

"ड्रॉवरमध्ये राहिला तर काय बिघडतं?"

ताईंनी शांतपणे खुर्ची मागे सरकवली. "मग या इकडे. भरायलाही तुम्हीच बसा."

ते थोडे ओशाळले. मी खिशात गेलो. दुपारी पहिला निरोप आला. त्यांनी मला डोळ्यांजवळ धरले आणि अडखळत वाचले, "गोंदवाले. दोन, नऊ, शून्य... आठ."

मागे कोणीतरी फिसकन हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी बिलावर बोट ठेवले आणि विचारले, "नक्की?"