गार पाण्यासाठी बांधलेला स्टँड

मी बोलतोय तो जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधल्या एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमधून. सगळं गाव गाड्यांवर जगतं, पण या गॅरेजात गाडी नसते, मी असतो. गाडी बिचारी बाहेर पावसात उभी असते, आणि शेजारचे लोक येता-जाता तिच्याकडे दयेने बघतात.

मी एक लोखंडी स्टँड आहे, तीन पायऱ्यांचा. वरच्या पायरीवर गरम पाण्याचं भांडं, मधलीवर जवाचा भरडा भिजवायचं भांडं आणि खालचीवर उकळायचं मोठं पातेलं. वरचं पाणी नळीतून मधल्यात उतरतं, मधल्यातलं खालच्यात. पंप नाही, मोटर नाही. घरच्या घरी बीअर करायची ही स्वस्तातली पद्धत. हो, बीअर. आता मी हा शब्द मोकळेपणी बोलतो. मे महिन्यात या घरात तो कुजबुजायचीसुद्धा सोय नव्हती.

माझा मालक प्रसन्न. मूळचा सांगलीचा, इथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. गेल्या वर्षी कंपनीने कामाचे तास कमी केले. हातात वेळ आला आणि पैसे मात्र घटले. वेळेचं काय करावं या विचारात त्याने बीअर करायच्या तयार यंत्राची जाहिरात उघडली. त्याची बायको स्वरूपा मागून आली, किंमत बघितली आणि लॅपटॉप मिटला.

"दीडशे युरो," ती म्हणाली. "त्यात काय बसतं ते बघ."

मग प्रसन्नने मला कॉम्प्युटरवर काढायला घेतलं. हे इंजिनिअर लोक मजेशीर असतात. एक बोल्टही विकत न घेता त्याने माझी चौदा चित्रं काढली. सगळ्या चित्रांत मी सरळ उभा होतो, एकावर एक तीन मजले, कारण गॅरेजात हिवाळ्याचे टायर, सायकली आणि दिवाळीच्या सामानाची खोकी सोडून एकच कोपरा मोकळा होता. चित्रात मी फार देखणा दिसायचो. चित्रात वाफ येत नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

माझं अंग मात्र चित्रातून आलं नाही. मी आधी दुमजली पलंग होतो. दोन भाऊ माझ्यावर वाढले, भांडले, आणि मोठे होऊन निघून गेले. मग एका सकाळी श्पेरम्युलच्या दिवशी, म्हणजे जुनं अवजड सामान न्यायची गाडी यायच्या दिवशी, मला फुटपाथवर आणून ठेवलं. तिथे मला एका म्हाताऱ्या माणसाने बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकून बघितलं. असं ठोकून बघणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला.

"प्रसन्नराव, अँगल जाड आहे. विचारा त्यांना, नेऊ का म्हणून."

हे आत्मारामबाबा, स्वरूपाचे वडील. भोसरीला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ग्रिल, रॅक, जिने, सगळं केलेला माणूस. तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. पहिल्या चार दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बिजागऱ्या नीट केल्या आणि पाचव्या दिवशी हातावर हात ठेवून बसले. तेवढ्यात त्यांना टेबलावर माझं चित्र दिसलं.

"हे कसलं?"

प्रसन्नने चित्र उलटं ठेवलं. पण स्वरूपा पटकन म्हणाली, "बागेच्या पाण्याचं! वर पावसाचं पाणी साठवायचं, ते आपोआप खाली येणार. पंप नको, काही नको."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं प्रसन्न म्हणाला. खोटं बोलताना त्याला जर्मन बरं पडतं.

या थापेचं कारण नऊ वर्षांपूर्वीचं होतं. लग्न ठरवायच्या बैठकीत बाबांनी पगार विचारला नव्हता, घर विचारलं नव्हतं. एकच प्रश्न विचारला होता, "मुलगा पितो का?" आणि पोहे खाता खाता प्रसन्न म्हणाला होता, "नाही." तेव्हापासून बाबा चारचौघांत सांगायचे, आमचे जावई जर्मनीत राहून थेंबाला शिवत नाहीत. ते आले की फ्रिजमधल्या बाटल्या तळघरात जायच्या. नवरा-बायकोला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटेनासं झालं होतं.

बाबांनी मात्र मला बागेच्या पाण्याचा स्टँड समजून जीव लावून केलं. गंज खरवडला, दोन हात रंग मारला. ओळंबा सोडून माझे चारी पाय सरळ केले, गुण्या लावून कोपरे बघितले. बाऊमार्क्टमधून, म्हणजे बांधकाम-सामानाच्या दुकानातून, काय आणायचं ते जावयाला मराठीत सांगायचे आणि तिथे गेल्यावर स्वतःच हाताने दाखवून आणायचे. रविवारी इथे ड्रिल चालवायची बंदी, म्हणून त्या दिवशी नुसते माझ्यासमोर स्टूल टाकून बसायचे. पैसे वाचवायला त्यांनी एक जुनं कपाट मोडून त्याच्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या माझ्या मजल्यांवर बसवल्या. पण बसवण्याआधी त्यांनी विचारलं. तो त्यांचा नेमच होता.

"वजन किती?"

"तीस लिटर, बाबा."

"आणि पाणी गारच ना? भुशाची फळी आहे ही. गरम असेल तर पत्रा घालू."

प्रसन्नने फळीकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतोय.

"गारच, बाबा," तो म्हणाला.

हे खोटं मला कळत होतं. पण मला कोण विचारतो? बाबांनी समाधानाने शेवटचा स्क्रू पिळला आणि मला हात लावून म्हणाले, "घडवंची झाली बघा, राजवाड्यात शोभेल अशी."

जूनमधल्या एका शनिवारी स्वरूपाने बाबांना आणि सात वर्षांच्या अन्वीला घेऊन जवळच्या ब्राउनश्वाइगला जायचा बेत केला. संध्याकाळपर्यंत घर रिकामं. प्रसन्नने सकाळीच गॅरेजचं दार उघडलं आणि सामान माझ्यावर चढवलं. सगळ्यात वर फळं बाटलीबंद करायचं जुनं विजेचं भांडं, एका आजीबाईंकडून वीस युरोत घेतलेलं. त्यात तीस लिटर पाणी, अठ्ठ्याहत्तर अंश. मध्ये पिकनिकचा डबा, त्यात जवाचा भरडा. खाली पातेलं.

अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. वरचं भांडं तापवताना अंग पोळत होतं, पण निभावत होतो. मग प्रसन्नला घाई झाली. वरून पाणी यायला नुकती सुरुवात झाली होती, तोच त्याने खालच्या पातेल्याखाली गॅसची शेगडी पेटवली. वेळ वाचेल म्हणून.

वाफ वर आली. सरळ माझ्या मजल्यांमधून वर, कारण मी सरळच होतो. कपाटाच्या कापलेल्या कडांतून ती फळीत शिरली. वरची फळी आधी फुगली, मग मऊ पडली आणि मग मध्यभागी खचायला लागली. भांडं केसभर पुढे झुकलं. त्याखाली प्रसन्न वाकून थर्मामीटर वाचत होता. मी चारी पाय जमिनीत रोवले, पण पाय चांगले असून काय उपयोग, डोक्यावरची फळीच जात होती. मला ओरडता येत नाही. त्या दिवसाइतकं त्याचं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आणि दारात बाबा उभे राहिले.

ते लवकर परत आले होते ते माझ्यासाठी. माझ्या मागच्या डाव्या पायाच्या बोल्टला स्प्रिंग वॉशर नाही, हे त्यांना चर्च बघता बघता आठवलं. मग बाकी काही बघण्यात त्यांचं लक्ष लागेना. तिथल्याच दुकानातून चार वॉशर घेतले आणि लेकीला म्हणाले, चला घरी.

एका नजरेत त्यांनी वाकलेली फळी बघितली.

"प्रसन्नराव, मागे व्हा! आधी मागे! स्वरूपा, पोरीला बाहेर ने!"

प्रसन्न उडी मारून मागे झाला. बाबांनी बाजूने हात घालून गॅस बंद केला, विजेचं बटण बंद केलं. मग लांब उभं राहून काठीने वरच्या नळीचं तोंड मधल्या डब्यातून ओढून काढलं आणि दाराबाहेर वळवलं. कढत पाणी अंगणातल्या दगडांवर वाहत गेलं. एकेक लिटर उतरत गेला, तसतशी मला धाप कमी लागत गेली. शेवटी भांडं रिकामं झालं आणि फळी तशीच वाकडी राहिली. पडली नाही. मी पडू दिली नाही, असं मला म्हणायचंय, पण खरं श्रेय बाबांचं.

गॅरेजात भाजल्या धान्याचा गोड वास भरला होता.

"हिअर रीश्ट्स नाख ब्रोट!" अन्वी दारातून ओरडली. इथे पावाचा वास येतोय म्हणे.

बाबांनी पातेल्यातलं चमचाभर घेऊन, फुंकून चाखलं. "गोड आहे. हे काय आहे?"

"बीअर होणार आहे त्याची," प्रसन्न म्हणाला. "मी पितो, बाबा. लग्नाच्या वेळीही प्यायचो. खोटं सांगितलं होतं."

"बागेचं मी सांगितलं," स्वरूपा म्हणाली आणि रडायला लागली.

खिशातले वॉशर बाबांनी खिडकीत ठेवले आणि घरात गेले. त्या दिवशी जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला बाबा पान्हा घेऊन आले आणि माझा एकेक बोल्ट सोडवायला लागले. आवाज न करता, अगदी शांतपणे. मी ओळखलं, आपलं संपलं. नऊ वाजेपर्यंत मी फरशीवर सुटे तुकडे होऊन पडलो होतो. प्रसन्न आला, त्याने ते बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, मी उद्या नेऊन टाकतो भंगारात. तुम्ही नका त्रास घेऊ."

बाबांनी वर बघितलंच नाही. "किती लिटर?"

"अं?"

"एकूण किती लिटर, किती अंश, किती वेळ उकळतं. खालचा जाळ केवढा. आता सगळं खरं सांगा."

प्रसन्नने सांगितलं. बाबांनी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. लिहून झाल्यावर पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "लग्नाच्या बैठकीत त्या प्रश्नाला सगळी मुलं नाहीच म्हणतात. मला सासऱ्यांनी तंबाखूचं विचारलं होतं, तेव्हा पुडी माझ्या खिशात होती. ते मी समजू शकतो. मला दारू आवडत नाही आणि आवडणारही नाही, तो भाग वेगळा. पण पाणी गारच ना, असं मी हातात फळी धरून विचारलं होतं, प्रसन्नराव. माझ्या हातच्या कामाखाली तुम्ही भाजून निघाला असतात. पोरगी तिथे असती तर? मी काय तोंड दाखवलं असतं स्वतःला?"

प्रसन्न खाली बसला आणि त्याने बाबांच्या पायाला हात लावला. "चुकलं, बाबा."

"उठा. तो टेप धरा तिकडून."

तुम्हाला सांगतो, फरशीवर पडल्या पडल्या मला जे हायसं वाटलं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. भंगार टळलं म्हणून तर वाटलंच. पण त्याहून जास्त वाटलं ते या घरात आता मी काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून.

सोमवारी करवत आणि ड्रिल चालवायची मुभा मिळाली. बाबांनी मला कापून जिन्यासारखं केलं, म्हणजे खालची वाफ वरच्या पायऱ्यांना न लागता सरळ वर जावी. भुशाच्या फळ्या गेल्या, त्यांच्या जागी जाड जाळीचा पत्रा आला. उंची दीड हात कमी झाली, भांडं भरायला आता शिडी लागत नाही. गॅरेजात जागा पुरेना, तेव्हा स्वरूपाने स्वतःच टायर तळघरात नेले आणि दिवाळीची खोकी पोटमाळ्यावर चढवली. सगळा खर्च एकशे त्रेचाळीस युरो झाला. उरलेल्या सातांचं तिने अन्वीला आइस्क्रीम दिलं.

पहिल्यांदा नीट रस उतरला तेव्हा बाबा इथेच होते. हॉप्स ही कडवट फुलं घालायच्या आधी त्यांनी त्यातला अर्धा पेला गोड रस घेतला, नाचणीच्या सत्त्वासारखा लागतो म्हणाले, आणि पेला धुऊन उपडा ठेवला. पुढची बीअर त्यांनी चाखली नाही. कुणी आग्रहही केला नाही.

आता ते भोसरीला परत गेलेत. प्रसन्न महिन्यातून एकदा मला कामाला लावतो आणि त्या सकाळी त्यांना फोन करतो. चारचौघांत ते अजून जावयाचं कौतुक करतात असं स्वरूपा सांगते, फक्त त्यातलं ते थेंबाचं वाक्य गळलंय. त्याऐवजी जावयांनी तापमान किती ठेवलं आणि किती लिटर काढले, ते सांगतात.

माझं म्हणाल तर मी खुशीत आहे. रंग दोन ठिकाणी उडालाय, एका पायाला थोडा गंज धरतोय. वजन कितीही द्या, तक्रार नाही.

जाता जाता एवढंच मागणं. माझ्यासारखं काही कुणाकडून करून घ्याल, तेव्हा वर काय ठेवणार आहात ते त्याला आधी सांगा. गरम असेल तर गरम म्हणून सांगा. उभं राहायचं आमचं आम्ही बघतो.