समोरची सीट

चंपतराव गाडी चालवतात आणि गोपिकाबाई तोंड चालवतात, असं हुडकेश्वरातल्या त्यांच्या गल्लीत सगळे म्हणत. नातेवाइकांत तर तो ठरलेलाच विनोद होता. गाडीचं दार लागलं की या बाईची टकळी सुरू व्हायची, ती उतरेपर्यंत थांबायची नाही. "डावीकडून म्हशी येऊन राहिल्या जी. हा स्कुटीवाला पाहा, कसा घुसते मधात. दुकानाजवळ पोट्टं उभं आहे एक, लहानसंच आहे." ऐकणारे हसत, गोपिकाबाईही हसत. गेली दोन वर्षं ती गाडी अर्धीअधिक या तोंडावर चालत होती, हे मात्र हसणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

चंपतराव एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी केली, सगळी वैनगंगेच्या काठच्या गावांना गाडी नेण्यात, आणि एवढ्या वर्षांत एका बकरीलाही धक्का लावला नाही. निवृत्तीनंतरही लोक त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. दोन वर्षांपूर्वी डोळे दुखतात म्हणून दाखवायला गेले, तर डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. टेबलावरच्या वर्तमानपत्राची सुरळी केली, गोपिकाबाईंच्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, "बाई, यांना जग असं दिसतं. समोरचं स्वच्छ, बाजूचं काहीच नाही. गेलेली नजर परत येत नाही. आजपासून गाडी बंद."

जिना उतरताना चंपतराव एवढंच बोलले, "सुशीलले काही सांगू नको." आणि खाली येऊन गाडी सुरू केली. वाटेत डावीकडून एक सायकल आली, गोपिकाबाई ओरडल्या, त्यांनी ब्रेक दाबला. "दिसते मले," ते म्हणाले. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. त्या सांगायच्या, ते ऐकायचे, आणि दोघंही दाखवायचे की बाई नुसतीच बडबडी आहे. पेपर ते रोज वाचत, माणसं लांबून ओळखत, त्यामुळे कुणाला शंकाही येत नसे. गोपिकाबाईंना वाटे, संसारात एकमेकांचं झाकायचं असतं, त्यातलंच हे एक. खरं तर तो दोघांनी मिळून केलेला गुन्हा होता आणि रोज थोडाथोडा होत होता.

चंपतरावांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मुलगा सुशील कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बायकोमुलीसह तिकडेच राहायचा. त्याची बायको दिपाली मोठ्या मनाची. सासऱ्यांना काय द्यावं याचा तिनं महिनाभर विचार केला आणि एका रविवारी तिघंही हुडकेश्वरला येऊन बसले. बेत असा होता: येत्या शनिवारी-रविवारी सगळ्यांनी सुशीलच्या नव्या गाडीतून निघायचं, बाबांच्या जुन्या रूटवर, नदीकाठच्या त्यांच्या सगळ्या गावांना.

चंपतरावांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. नकाशा कशाला लागतो त्यांना. उमरेड, भिवापूर, मग पवनी. शनिवारची संध्याकाळ पवनीच्या घाटावर, मुक्काम तिथंच. रविवारी अड्याळवरून भंडारा, तिथून अंभोरा, जिथे वैनगंगेला बाकीच्या नद्या येऊन मिळतात, तिथे नदीकाठी जेवण, आणि कुहीवरून घरी. "भिवापूरच्या समोर गेलं की एक वळण आहे," ते नातीला सांगत होते, "तिथून नदी दिसत नाही, पण वास येते. माझे सवारी लोकं झोपेतून उठत त्या वासानं." कुठे चहा घ्यायचा, कुठे मासळी ताजी मिळते, कोणत्या पुलावर गाडी हळू करायची म्हणजे पोरीला पाणी नीट दिसेल, सगळं त्यांनी त्या पानावर लिहिलं. इतके खुलून बोलताना गोपिकाबाईंनी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

"आणि दोन्ही दिवस स्टेअरिंग बाबांकडे," दिपाली म्हणाली. "हेच तर गिफ्ट आहे."

"मी समोर बसणार," अकरा वर्षांची हिमानी म्हणाली. "मला व्हिडिओ काढायचा आहे. आजोबांचा रूट म्हणून."

"समोर मी बसतो," गोपिकाबाई पटकन बोलून गेल्या.

सगळे हसले. "आजी, मग व्हिडिओत फक्त तूच ऐकू येशील," हिमानी म्हणाली.

"मांगं मले मळमळते."

"गोळी देते ना, आई," दिपाली प्रेमानं म्हणाली. "दोन दिवस जरा टेकून बसा. काही बोलू नका, काही करू नका."

त्या उंच गाडीत मागे बसलं की गोपिकाबाईंना पुढच्या सीटच्या पाठीशिवाय काही दिसत नसे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, बसू द्या तिले समोर. एवढ्या एका वाक्यात सगळं निभावलं असतं.

चंपतराव पानावरून मान वर न करता म्हणाले, "पोरीले बसू दे. तू मांगं बस."

अकरा वर्षांची पोर चंपतरावांच्या डाव्या हाताला बसणार, आणि डावीकडे त्यांना काहीच दिसत नाही.

मंडळी कळमेश्वरला परतल्यावर गोपिकाबाईंनी दोन वर्षांत पहिल्यांदा ते उघड बोलून टाकलं. "तुमाले बाजूचं दिसत नाही जी. गाडी सुशीलले चालवू द्या."

"कोणं सांगतलं दिसत नाही?"

"डॉक्टरनं सांगतलं. मी रोज पाहून राहिली."

"तू बडबड करतं, मी आयकून घेतो," चंपतराव म्हणाले. "तुझ्या बडबडीनं गाडी चालते का? तो रस्ता मले पाठ आहे. सुशीलले सांगशीन तर पाहून घे, या घरात मंग एकटीच राहा."

ते खोटं बोलत असते तर गोपिकाबाईंना एवढी भीती वाटली नसती. पण त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास होता. ही बाई निव्वळ बडबडी आहे, असं दोघांनी जगाला इतके दिवस दाखवलं, की एकाला ते पटूनही गेलं होतं.

पुढचे चार दिवस त्यांचा जीव टांगणीला होता. सुशीलला तीनदा फोन लावला आणि तिन्हीदा तिखट पुऱ्या किती करू हेच विचारून ठेवून दिला. सांगितलं तर नवऱ्याजवळ राहणार काय? ड्रायव्हरसाहेब हे एक नाव तेवढं होतं त्यांच्याजवळ. आणि नाही सांगितलं तर हिमानी. गुरुवारी पीठ चाळता चाळता त्यांना एक उपाय सुचला. आपण गप बसायचं. उद्या सकाळी ते नेहमीप्रमाणे आपल्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरायला निघतील तेव्हा सोबत जायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. गाडी कुठे भिंतीला घासेल, आरसा तुटेल, दिवा फुटेल. मग त्यांचं त्यांनाच उमजेल. गुडघा दुखतो म्हणून स्टेअरिंग सुशीलकडे देतील, लाजही राहील. गोपिकाबाईंना फक्त एक ओरखडा हवा होता.

शुक्रवारी सकाळी सातला दोघं निघाले. "आतल्या रस्त्यानं घ्या," त्या म्हणाल्या, कारण तिथे त्या वेळी गर्दी नसते. आणि मग बोलणं बंद.

पहिलं वळण गेलं. चंपतरावांनी एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

डावीकडून एक स्कुटी वीतभर अंतरावरून गेली, यांना पत्ता नाही. एक कुत्रा चाकाखाली येता येता वाचला. गोपिकाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. चंपतराव मात्र खुशीत आले. पाहा, बाई गप आहे आणि गाडी कशी चालली आहे, असंच काहीतरी त्यांच्या मनात असावं.

डावीकडच्या गल्लीतून कवडू निघाला. नऊ वर्षं यांच्याकडे दूध घालणारा कवडू, सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन. गोपिकाबाईंना तो चांगला लांबून दिसला. त्याला गाडी ओळखीची, ड्रायव्हरसाहेबांची, म्हणून तो बिनघोर वळला. आता दिसेल यांना, गोपिकाबाईंना वाटलं. अजून थोडं पुढे आला की दिसेलच. एक शब्द बोलायला वेळ होता. त्या थांबल्या. "कवडू" म्हणून ओरडल्या तेव्हा गाडीनं त्याला उडवलं होतं.

रस्ताभर दूध झालं. कवडू सायकलीखाली होता आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. चंपतरावांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तू बोलली काहून नाही?"

रागानं नाही विचारलं त्यांनी. त्यांना खरंच कळत नव्हतं. दोन वर्षं जे कबूल केलं नाही ते त्या चार शब्दांत कबूल झालं, पण तोवर लोक धावून आले होते.

दवाखान्यात पाय राहतो की काढावा लागतो ते दोन दिवसांनी कळेल असं सांगितलं. कवडूची बायको शामला त्याच्या पायाशी बसून होती. कवडू शुद्धीवर आला, चंपतरावांना पाहून उठायला लागला. "मीच मधात आलो जी ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला. "इतके साल गाडी चालवली तुमी. तुमची चूक कशी होईन."

चंपतराव म्हणाले, "दोन्हीकडे पाहून निघत जा गा."

शामलानं मान हलवली, जणू हे तिलाही पटलं. या माणसाबरोबर गोपिकाबाईंनी चव्वेचाळीस वर्षं काढली होती, पण आज त्यांना त्याची किळस आली, आणि तेवढीच स्वतःचीही.

संध्याकाळी सुशीलची मंडळी बॅगा घेऊन आली. सुशील येताना दवाखान्यातून आला होता. "बाबा, मनाले लावून घेऊ नका," तो म्हणाला. "कवडू स्वतःच म्हणून राहिला का चूक त्याची होती. त्याच्याकडे आपण पाहू, पण जाणं रद्द नको. ड्रायव्हरनं अशा वेळी स्टेअरिंग सोडलं तर हात कायमचा भिते."

चंपतराव म्हणाले, "सहाले निघू."

हिमानी गाडीत समोर मोबाइल अडकवायचा स्टँड घेऊन आली होती. तो खोक्यातून काढून ती आजोबांना दाखवत होती.

"त्याईले बाजूचं दिसत नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "काचबिंदू आहे. दोन वर्षं झाले. डॉक्टरनं गाडी बंद सांगतली होती. मी सांगतो तवा गाडी चालते. कवडूची काही चूक नाही."

"बाबा?" सुशील म्हणाला.

चंपतरावांनी नाकारलं नाही. खिशातून गाडीची चावी काढली, टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "खरं आहे. मले नाही दिसत. पण तिले दिसते. तिनं कवडूले पाहिलं होतं. विचार तिले, तोंड काहून बंद ठेवलं होतं."

सुशील आईकडे वळला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उशिरा दिसला म्हणता आलं असतं, घाबरली म्हणता आलं असतं, आणि कुणीही विश्वास ठेवला असता.

"पाहिलं होतं," गोपिकाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, थोडंसं कुठं घासलं तर हे आपल्या मनानंच गाडी सोडतीन. म्हणून गप राहिली."

"मुद्दाम?" दिपालीनं विचारलं.

"हो."

दिपालीनं हिमानीचा दंड धरून तिला आपल्याजवळ ओढलं. पोरगी आजोबांकडे बघतच नव्हती, आजीकडे बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "कवडूकाकांच्या जागी मी असते तर तू बोलली असतीस ना?"

"बोलली असती," गोपिकाबाई ताबडतोब म्हणाल्या. ते उत्तर किती लवकर आलं, हे खोलीतल्या प्रत्येकानं ऐकलं.