चिकटपट्टीचं बटण

दवाखान्यातून फोन आला तेव्हा टीव्हीवर कोणीतरी खदाखदा हसत होतं. "तुमच्या मिसेस गेल्या," एवढं ऐकलं आणि त्याने आधी टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं. त्या बटणावर बायकोने चिकटपट्टी लावून ठेवली होती. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. ती त्याने ओरबाडून काढली.

नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरचा मेहुणा वर आला. दोघांमध्ये सात वर्षं विस्तव जात नव्हता.

"दाजी, वायर कापलीत ना? आई अंथरुणाला खिळलेली. तेवढ्या टीव्हीवर तिचा दिवस जातो, तेही बघवलं नाही?"

"तुझ्या वायरीला हात लावायला मला वेळ पडलाय?"

"ताईला दवाखान्यात न्यायलाही तुम्हाला वेळ नव्हताच."

हे वर्मी बसलं. तिला बरं वाटेना त्या रात्री "सकाळी बघू" असं तोच म्हणाला होता.

मेहुण्याने डिश फिरवून बघितली, वायरीची टोकं बदलली. पडदा काळा तो काळाच. शेवटी डिशवाल्याला बोलावलं. त्याने जिन्यातली वायरींची डबी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"डिश ठणठणीत आहे. इथे एका वायरीचे दोन फाटे केलेत. डिशला लागणारी वीज फक्त वरच्या घराच्या फाट्यातून जाते. वरचा सेट-टॉप बॉक्स बंद, की खालचं घर आंधळं."

"हा उद्योग कोणाचा?" त्याने डिशवाल्याला विचारलं.

"माझाच. बाईंनी करून घेतला. म्हणाल्या, आईला टीव्ही हवा, पण या दोघांना सांगू नका, डोक्यात राख घालतील. तेव्हाच बजावलं होतं मी, वरचं बटण बंद करायचं नाही."

मग मेहुणा म्हणाला, "लावा बटण."

"लावतो. तुझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी."

"उपकार नकोत तुमचे!"

"मग तुझी वेगळी वायर ओढ."

"ओढतोच. उद्याच!"

त्याने बटण लावलं. खालून टीव्हीचा आवाज आला. मेहुणा पाय आपटत जिना उतरला.

जुनी चिकटपट्टी सोफ्याखाली सापडली, पण धुळीने ती चिकटेना. त्याने नवी लावली, बायको लावायची तशी, आडवी.

याला तीन महिने झाले. बटण चालू आहे. दोघं बोलत नाहीत. वेगळी वायर अजून ओढलेली नाही.