एरर गेली

मित्रांनो, मी एक जुनी अ‍ॅबस्ट्रॅक्ट प्रॉपर्टी आहे. पायथन या संगणकभाषेतल्या 'लिफ्ट' नावाच्या मूळ क्लासात, म्हणजे सगळ्या लिफ्टच्या मूळ साच्यात, माझा जन्म झाला. माझे नाव 'कमाल माणसे'. नाव मोठे, पण पोट रिकामे.

मला लिफ्टच्या कारखान्यातल्या ताईंनी घडवले. माझ्या डोक्यावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या: वर प्रॉपर्टी, खाली अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथड, म्हणजे 'ही जागा रिकामी, पुढच्याने भरायची'. ते पाहून चाचणी घेणारे मेकॅनिककाका हसले.

"ताई, घर बांधलंत आणि आत कोणी राहतच नाही?"

"आकडा मी नाही भरणार, काका. प्रत्येक नव्या लिफ्टचा क्लास म्हणजे हिची लेक. तिचा आकडा तिनंच सांगायचा. नाही सांगितला, तर लिफ्ट सुरूच होणार नाही."

कितीतरी लेकी आल्या. जी आकडा विसरली, तिला मी दारातच अडवले. पडद्यावर एरर उमटली की काका म्हणत, "म्हातारी जागी आहे." बाकी सगळे मला शिव्याच घालत.

पुढे ताई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या खुर्चीत एक उतावळा प्रोग्रॅमर आला. त्याने नव्या छोट्या लिफ्टचा क्लास लिहिला आणि आकडा विसरला. मी अडवले. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होते.

"ती एरर घालव आधी," कारखान्याचे साहेब म्हणाले.

त्याने लिफ्टचा आकडा कोणाला विचारला नाही. माझ्या डोक्यावरची खालची ओळ पुसली आणि माझ्या पोटात 'आठ' कोंबले; आता आकडा विसरलेल्या लेकीच्या वतीने मीच 'आठ' म्हणणार. एरर गेली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, आणि मी होयबा झाले.

लिफ्ट चार माणसांची होती. पडद्यावर आठ दिसले. काकांनी सात माणसांच्या वजनाच्या गोण्या चढवल्या आणि आठवे म्हणून स्वतः आत शिरले.

"म्हातारी काही बोलत नाहीये," ते म्हणाले, "म्हणजे सगळं ठीक आहे."

लिफ्ट धाडकन खाली गेली. काकांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. माझ्या गप्प राहण्यावर त्यांनी विश्वास ठेवला, हे मला अजून सलते.

चौकशी झाली. 'आठ' खोडून 'चार' लिहिले, आणि सगळे हात झटकून मोकळे झाले. पुसलेली ओळ कोणी परत लिहिली नाही.

मित्रांनो, अडवणाऱ्याला खुशाल शिव्या द्या, पण त्याचे तोंड बांधू नका. आता दोन माणसांच्या लिफ्टचा क्लास लिहून झाला आहे. प्रोग्रॅमर यंदाही आकडा विसरला आहे. उद्या चाचणी आहे. मला विचारतील, तेव्हा मी 'चार' म्हणेन.

एरर येणार नाही.